मागाखालची मांजर

सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागाच्या खड्ड्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या. हातात तुटलेल्या सुताचा झुबका. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "चहा ठेव तिथं. आणि हे बघ."

ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, कुरतडलेला होता. एखादी तार तुटली तर समजू शकतो, पण इथं मूठभर तारा गेल्या होत्या, त्याही ऐन मधल्या.

आम्ही कोष्टी. घरात माग म्हटल्यावर उंदीर आलाच, कारण सुताला आम्ही खळ लावतो. खळ म्हणजे पिठाची पेज, तार ताठ राहावी म्हणून. आपल्याला ती खळ, उंदराला ते लग्नाचं जेवण. आमच्या घरचे उंदीर तर असे माजले होते, की मी एकदा अंधाऱ्या कोपऱ्यात बोका समजून एकाला शुक-शुक केलं, तर तो थांबला, वळून त्यानं माझ्याकडं रागानं बघितलं आणि सावकाश चालत गेला. नातवंडं म्हणतात आजी, फेकू नकोस. मी म्हणते, तुम्ही होता का तिथं?

पण त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं. तो ताणा साधा नव्हता, देवीच्या लुगड्याचा होता. आमच्या कोष्टी गल्लीची रीत अशी, की नवरात्रात चौंडेश्वरीला जे नवं लुगडं नेसवायचं, ते दरसाल एका घरच्या मागावर विणायचं. मान गल्लीभर फिरत यायचा. यंदा आमच्याकडं आलेला, आणि सोडला तर सगळी गल्ली फिरून परत येईपर्यंत आत्याबाई असतील की नसतील, कुणी सांगावं.

आणि विणणारे कुठं होते? आमचे हे, म्हणजे घरातला एकुलता एक विणकर, हात गळ्यात बांधून ओसरीवर बसलेले. बैलगाडीतून पडले होते. गावात मी सांगितलं की बैलाशी कुस्ती झाली आणि बैल यांच्यापेक्षा जास्त लंगडतोय. लोक बैल बघायला गेले म्हणे.

विणता मला येत होतं. माझ्या वडिलांना मुलगा नव्हता, तेव्हा धोटा त्यांनी माझ्याच हातात दिलेला. पण सासरी आले तशी माझ्या वाट्याला रहाट आला. बसायचं, चाक फिरवायचं आणि धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायच्या. तारळेकरांच्या घरात बाई मागावर बसत नाही, बाई मागावर बसली की पुरुष रस्त्यावर बसतो, असं त्या घरात म्हणत. मी म्हणायचे, रहाट फिरवता फिरवता डोळे मिटले तरी पाय आपोआप हलतात माझे, मागाच्या पावड्या दाबल्यासारखे. कुणी लक्ष देत नव्हतं. मला मागावर बसायचं होतं, बस. दागिना नको, माहेरी पाठवायला नको, तेवढंच हवं होतं.

तर आम्ही दोघी तो तुटका ताणा बघत बसलेल्या, एवढ्यात समोरचे शिवराम डोईफोडे आले. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली देव जाणे, बहुतेक उंदरांनीच सांगितली असेल. चेहरा असा केला होता, जसं आमच्याकडचं कुणी गेलंय. म्हणाले, "वैनी, घोर लावून घेऊ नका. गोपाळरावाचा हात असा, वर हे असं झालं. यंदाचं लुगडं आमच्या मागावर होऊ द्या. देवीला काय, नेसायला मिळाल्याशी कारण."

मग मीच बोलले. जीभ माझी तेव्हाही अशीच होती. म्हटलं, "आत्याबाई, तारा मी सांधते आणि विणतेही मीच."

ओसरीवरनं आमचे हे खोकले. डोईफोडे हसायला लागले, जसं मी नाकानं विणीन म्हणाले.

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग डोईफोड्यांकडं बघितलं, आणि आवाज चढवून, शेजारच्या तीन घरांत ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मोठी आलीस विणणारी. तू विणत जाशील आणि मागनं उंदीर खात येतील. ती गल्लीतली पिंगट मांजर आहे ना, ती आधी मांडीवर घेऊन दाखव, मग बस मागावर."

"घेतली तर बसू?"

"घेतलीस तर बस. भावजी, तुम्ही साक्षीला."

डोईफोडे खुशाल साक्षीला राहिले. राहणारच. ती पिंगट मांजर म्हणजे गल्लीत दिसायची तशी दिसायची, पण हाताला कुणाच्या लागली नव्हती. एका कानाचं टोक तुटलेलं, अंग सुतासारखं बारीक. माणसाची नजर पडली की ती पळायची. पळायची तीही अशी, की आधी मांजर जायची आणि सावली मागनं धापा टाकत यायची. ओरडल्याचंही कुणी ऐकलं नव्हतं. अशी मांजर मांडीवर घे म्हणणं म्हणजे नाही म्हणण्याचीच एक तऱ्हा, असं मला तेव्हा वाटलं. फार राग आला.

राग आला की मी कामाला लागते. पहिल्यांदा दूध ठेवलं. ते कुत्र्यानं प्यायलं. मग सुकट ठेवली. ती कावळ्यांनी नेली आणि नेताना एकमेकांना आमच्या घराचा पत्ता सांगितला. मग मी चुलीमागं बसून म्याँव म्याँव करायला शिकले. इतकं चांगलं जमलं, की शेजारच्या गावातनं एक बोका मला मागणी घालायला आला आणि आमच्या ह्यांचा हात गळ्यात बांधलेला बघून त्याला वाटलं, चला, हा काही फार भांडायचा नाही. दोन दिवस दारातनं हलेना. पण पिंगट मांजर काही आली नाही. मी भिंतीच्या आडनं बघायचे, ती कौलांवरनं माझ्याकडं बघायची, आणि नजरेला नजर मिळाली की गायब.

डोईफोडे येता-जाता विचारायचे, "काय सूनबाई, मांडी मोकळीच का अजून?" त्यांची तानूबाई, तीही माझ्याच वयाची, त्यांची सून, पाण्याला जाताना माझ्याकडं बघून गालात हसायची. मला वाटायचं, ही पण त्यांच्यातलीच.

दिवसा मी तारा सांधायला बसायचे. ते बायकांचंच काम, त्याला कुणाची ना नव्हती. पण विणकराच्या जागेवर बसायचं नाही. खड्डामागाला खाली माणसाच्या गुडघ्याएवढा खड्डा असतो, विणकर काठावर बसून पाय आत सोडतो, आत पावड्या असतात. आम्ही बायका बसायचो ते आडव्या कडेला, बाजूनं. पाय मात्र खड्ड्यातच सोडायचे, नाहीतर ठेवणार कुठं?

अशीच बसले होते. तार तारेला जोडायची, पीळ द्यायचा, पुढची तार. आणि टाचेला काहीतरी गार लागलं. ओलं आणि गार.

मला वाटलं, उंदीर. ओरडणार होते, तोंड उघडलंसुद्धा. पण उंदीर हुंगून थांबत नाही, चावून मोकळा होतो. हे जे काय होतं ते टाच हुंगत होतं, मग जोडवी हुंगली, मग पायाच्या बोटावर एक मऊ केसाळ गाल घासला. मी तोंड मिटलं. खाली बघावंसं इतकं वाटत होतं की मान दुखायला लागली. तरी बघितलं नाही, कारण तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्या मांजरीला माणूस नकोसा नाहीये. तिला माणसाचे डोळे नकोसे आहेत. आणि पायाला डोळे नसतात.

आम्ही सगळी गल्लीभर तिला वर शोधत होतो, कौलांवर, झाडांवर. आणि बाई उंदरांच्या वासानं येऊन राहिल्या होत्या आमच्याच मागाखाली.

आत्याबाई तिकडनं गेल्या, म्हणाल्या मान अशी ताठ का धरलीयस. मी म्हटलं अवघडलीय. त्या म्हणाल्या, बस मग तशीच. आणि बाकीच्यांना तिकडं यायला बंदी घातली. सांधताना बोललं की तार चुकते म्हणे. असं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

मग आमची मैत्री झाली ती गुडघ्याखाली. वरनं मी कोष्ट्याची सून, खालनं मांजरीची मैत्रीण. भाकरीचा तुकडा सुकटीच्या कालवणात बुडवून अंगठ्यात धरायचे आणि पाय खाली सोडायचे. ती अंगठ्यातनं काढून घ्यायची, दात न लावता, एखाद्या म्हाताऱ्या बाईनं प्रसाद घ्यावा तशी. मी अंगठा हलवायचे, ती पंजा मारायची, पण नखं आत ठेवून. पुढं पुढं माझ्या पायावर निजायला लागली. पायाला मुंग्या यायच्या. मी मुंग्यांनाही सांगितलं, बायांनो, जरा हळू चाला, ती जागी होईल. निजली की कांडीसारखी गोल आणि घट्ट व्हायची, म्हणून मी तिचं नाव कांडी ठेवलं. मनातल्या मनात. तोपर्यंत मी तिच्याकडं एकदाही बघितलं नव्हतं.

उंदरांचं काय झालं विचाराल तर, सांधलेली एकही तार परत तुटली नाही. मी एका उंदराला गाठोडं घेऊन डोईफोड्यांच्या घराकडं जाताना स्वतः बघितलं.

ताणा पुरा सांधून झाला. पण मांडीचं काय? खाली ती माझी होती, वर ती कुणाचीच नव्हती. मी एकदा हळूच हात खाली नेला, तर सगळा खड्डा रिकामा. पूर्ण दिवस आली नाही. त्या दिवशी मी जेवले नाही, हे मात्र खोटं नाही.

आणि घट बसायचे दिवस जवळ आले, तसे डोईफोडे आले. एकटे नाही. गल्लीतली चार शहाणी माणसं, त्यांच्या बायका, मागं तानूबाई. म्हणाले, आता उशीर करण्यात अर्थ नाही वैनी, एक तर मांजर दाखवा नाहीतर मान सोडा. आमचे हे काहीतरी बोलायला उठले, आत्याबाईंनी त्यांना हातानं बसवलं. मला म्हणाल्या, "मांजर कुठाय तुझी?"

कांडी आत होती. मला माहीत होतं, कारण पावडीची दोरी जराशी हलत होती. पण ती बाजूच्या कडेपासनं लांब, थेट विणकराच्या जागेखाली, पावड्यांवर निजली होती. माझा पाय तिच्यापर्यंत पोचायचा तर त्याच जागेवर बसायला हवं होतं. बाजूच्या कडेला तर ही सगळी माणसं दाटीनं उभी होती.

मी बसले. कासोटा सावरला, विणकराच्या जागेवर बसले आणि पाय खाली सोडले.

मग कुणीतरी म्हणालं, अगं बसली की ही. डोईफोड्यांचा आवाज चढला, आधी मांजर ठरलं होतं, आधी माग नव्हे. मी काही ऐकत नव्हते. पायाच्या बोटांनी चाचपत होते. लागली. ती थरथरत होती, एवढ्या माणसांचा आवाज तिनं कधी ऐकला होता? मी अंगठा तिच्या मानेवर ठेवला आणि मनात म्हटलं, बाई, आता तुझ्या हातात.

डोईफोड्यांना धीर धरवेना. ते वाकले आणि हातातली काठी बाजूनं खड्ड्यात घालून ढोसली. म्हणाले, बघू द्या तरी आहे का काही आत.

पुढचं इतक्या पटकन झालं, की मला वर्षानुवर्षं सांगून सांगून थोडं लांबवावं लागलंय. कांडीला एका बाजूला काठी, तिन्ही बाजूंना माती, आणि वर माणसं. ओळखीचं त्या अख्ख्या जगात एकच होतं, माझा पाय. ती पायाला धरून वर आली. पोटरी, गुडघा, मग मांडी. सगळी नखं बाहेर काढून. नऊवारीतनंसुद्धा रक्त आलं. मी हू का चू केलं नाही, हलले नाही, नाहीतर संपलं असतं. मांडीवर आली, गोल फिरली, आणि तोंड माझ्या पदरात खुपसून बसली. डोळे लपले की जग लपलं, असं तिचं साधं गणित.

तेव्हा मी पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. तुटका कान तेवढा पदराबाहेर राहिला होता. त्यावर हात ठेवला. तिच्या पोटातनं आवाज यायला लागला, आमच्या रहाटासारखा. जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता तिचा तो आवाज सगळ्या गल्लीनं उभं राहून ऐकला.

डोईफोडे म्हणाले, "हे नियमात नाही. ती आधी मागावर बसली."

आत्याबाई पुढं आल्या. शांतपणे. "भावजी, मी म्हणाले मांडीवर घेऊन दाखव. मांडी कुठं ठेवून, ते मी सांगितलं नव्हतं. तुम्ही साक्षीला होता."

"पण वैनी, बाई मागावर..."

"उठवायची असेल तर उठवा. पण आधी मांजर उठवावी लागेल. घाला हात."

कुणी हात घालीना. कांडीनं पदरातनं एक डोळा काढून बघितलं तेवढं पुरलं. माणसं हळूहळू पांगली. तानूबाई मात्र दारात रेंगाळली. तिचा सासरा हाका मारत होता तरी माझ्या हातांकडं बघत उभी होती.

आत्याबाईंनी भरलेली कांडी धोट्यात घातली आणि धोटा माझ्या हातात दिला. मी मांडीवर मांजर घेऊन पहिला हात टाकला. दुसरा टाकला. किती वर्षांनी पायाखाली पावडी आली होती. मला हसूही येत होतं आणि डोळ्यांतनं पाणीही, आणि मांडी नुसती पेटली होती.

थोडं विणून झालं आणि मागनं आवाज आला. "काठाशी आलीस की धोटा ओढू नकोस. सुटा सोड. ओढलास की काठ चुण्या घेतो."

माझे हात थांबले. हे रहाटावर बसून समजत नाही. हे मागावर बसलेल्यालाच समजतं.

मी वळून बघितलं. आत्याबाई कांड्या भरत होत्या, मान खाली. म्हणाल्या, "तुझे मामंजी तापानं आजारी होते, त्या साली पण मान आपल्याकडंच होता. लुगडं वेळेवर गेलं. सगळी गल्ली म्हणाली, तापात सुद्धा काय काठ धरलाय तारळेकरानं."

"मग विणलं कुणी?"

रहाट फिरत राहिला. कांडी भरली, तशी ती काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवली.

"मी दार लावून विणलं. तू दार उघडं ठेव."

तेव्हा मला समजलं, की डोईफोड्यांना साक्षीला का ठेवलं होतं, आणि आवाज तीन घरांत जाईल असा का चढवला होता. नाही म्हणायचं असतं तर आत्याबाईंना नाही म्हणता येत होतं. त्या घरात त्यांच्या 'नाही'च्या पुढं कुणी गेलं नव्हतं. आणि मांजर मागाखाली आहे, हेही त्यांना तेव्हाच ठाऊक असणार.

मी उठून दार पुरतं उघडलं असतं, पण मांडीवर कांडी होती. म्हणून त्याच उठल्या, आणि दोन्ही कवाडं भिंतीला टेकेपर्यंत सारली.

लुगडं घट बसायच्या आधी झालं. हिरवंगार, लाल काठाचं. आम्ही वाजतगाजत देवळात नेलं. तिथं लुगडं हातात घेताना गुरव मोठ्यानं विचारतो, "हात कुणाचा?" आणि विणणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं, मग ते नाव तो देवीपुढं पुकारतो. आमचे हे पुढं झाले, गळ्यातल्या हातासकट. सवयीनं. तोंड उघडलं आणि थांबले. माझ्याकडं बघितलं, आणि चक्क दोन पावलं मागं सरकले. बिचारे चांगले होते हो, कुस्तीत बैलानं हरवलं म्हणून काय झालं.

मला आवाज फुटेना. मला. आत्याबाई म्हणाल्या, "द्वारका गोपाळ तारळेकर."

गुरव घुटमळला. वेळ काढायला म्हणून लुगडं उलगडून काठ बघायला लागला, आणि नेमका पदरात विणला गेलेला एक पिंगट केस त्याला दिसला. त्यानं तो चिमटीत धरला. "हे काय?"

सगळं देऊळ माझ्याकडं बघत होतं. डोईफोड्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा आनंद दिसला.

"मांजरीचा," आत्याबाई म्हणाल्या. "तिनं राखलं नसतं तर आज देवीला नेसवायला काही नव्हतं. तिचंही नाव घ्या. कांडी म्हणतात तिला."

हे नाव मी कुणाला सांगितलं नव्हतं. मनातल्या मनात ठेवलेलं नाव त्यांना कसं कळलं, ते मी आजवर शोधतेय. मागावर बसल्यावर बहुतेक मी मोठ्यानं बोलत असेन.

आणि गुरवानं पुकारलं. खोटं वाटत असेल तर वाटू दे. चौंडेश्वरीपुढं, सनई थांबवून, खणखणीत आवाजात त्यानं पुकारलं, "तारळेकरांच्या द्वारकाबाई, आणि कांडी." घंटा वाजली. देवी हसली. बरं, देवी हसल्याचं मी नंतर घातलंय, पण तानूबाई हसली, हे खरं. आणि त्या वेळी मला दिसलं की ती आधीही मला कधी हसत नव्हती. ती माझ्याकडं बघून हसत होती.

त्यानंतर मी त्या मागावरनं उठले नाही. आमच्या ह्यांचा हात बरा झाला तेव्हा त्यांनी दुसरा माग घातला, शेजारी. रस्त्यावर कुणीही बसलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कांडीनं मागाखाली पिल्लं घातली. डोळे उघडायच्या आत गल्लीतल्या बायका पिल्लं मागायला यायला लागल्या. एकीला पिंगटच हवं, दुसरी म्हणे कसलंही चालेल. मला नवल वाटलं, कारण उंदीर तर सगळ्या गल्लीतनं गेले होते.

सगळ्यांत पहिली आली होती तानूबाई. पदराखाली टोपली घेऊन. मी विचारलं, "तुमच्याकडं उंदीर फार झालेत का गं?"

"उंदीर एकही नाही," ती म्हणाली आणि टोपली पुढं केली. "माग आहे."